मोहाच ते त्रियानों : बुडापेस्टमधील तीन दिवसांच्या इतिहासफेरीविषयी

बुडापेस्टमध्ये इतिहासाचे काही शिक्षक मिळून चालवत असलेल्या एका छोट्या संस्थेची तीन दिवसांची पायी इतिहासफेरी मी आणि माझ्या पत्नीने गेल्या सप्टेंबरात केली, आणि परत आल्यापासून तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे मनात होते. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण फेरीतील काही उणिवाही स्पष्टपणे लिहायच्या आहेत आणि एका तुकडीच्या अनुभवावरून संस्थेच्या नावाला बोल लावणे मला योग्य वाटत नाही. हंगेरीच्या राजधानीत अशा प्रकारच्या फेऱ्या आणखीही काही जण घेतात. त्यांपैकी कोणतीही निवडताना काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकाला यातून कळले तरी पुरेसे आहे.

फेरीचे स्वरूप साधे आहे. एका तुकडीत जास्तीत जास्त दहा माणसे, भाषा इंग्रजी, सकाळी नऊ ते दुपारी चार अशी वेळ, मध्ये तासाभराची जेवणाची सुट्टी. संसदभवन आणि राष्ट्रीय संग्रहालय यांची तिकिटे शुल्कात धरलेली असतात. जेवण आणि मेट्रोचा खर्च आपला आपण करायचा. शुल्क अर्ध्या दिवसाच्या नेहमीच्या फेरीच्या जवळजवळ चौपट असल्याने आम्ही बराच विचार केला होता. आमच्या मार्गदर्शक सत्तरीकडे झुकलेल्या, तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवलेल्या गृहस्थीण होत्या. पहिल्या तासाभरातच आम्ही दोघे आपसात त्यांचा उल्लेख ‘बाई’ असा करू लागलो, कारण त्यांच्या बोलण्यात शाळेतल्या चांगल्या बाईंची शिस्त आणि माया दोन्ही होत्या.

बाईंनी सुरुवात उच्चारांपासून केली. हंगेरियन लिपीत एकट्या ‘एस’चा उच्चार ‘श’ आणि ‘एस-झेड’चा ‘स’ होतो, म्हणून शहराचे नाव बुडापेश्त. या देशाचे लोक स्वतःला हंगेरियन म्हणत नाहीत, ते स्वतःला मज्यार म्हणवतात आणि देशाला मज्यारोर्साग, म्हणजे मज्यारांचा देश. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ‘मग्यार’ असे दिसते ते इंग्रजी अक्षरांवरून आलेले. आडनाव आधी आणि नाव नंतर ही त्यांची रीत आहे, त्यामुळे आपल्या लाडक्या कवीला ते पेटोफी शांडोर म्हणतात, शांडोर पेटोफी नव्हे. शाळेच्या हजेरीपटावर आणि सातबाऱ्यावर आडनावापासून सुरुवात होणारी नावे पाहत वाढलेल्या आम्हा दोघांना ही रीत अजिबात परकी वाटली नाही. बाईंनी दिलेले उच्चार मी वहीत देवनागरीत टिपून घेतले आणि ते इंग्रजी अक्षरांपेक्षा कितीतरी अधिक चांगले उतरले.

पहिल्या दिवशी त्या आम्हाला थेट वीरांच्या चौकात न नेता आधी जमिनीखाली घेऊन गेल्या. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील पहिली भुयारी रेल्वे १८९६ मध्ये येथे सुरू झाली. पिवळे छोटे डबे, लोखंडी खांब आणि पांढऱ्या फरशांची बुटकी स्थानके आजही वापरात आहेत. ही रेल्वे, तिच्या वाटेवर असलेला वीरांचा चौक आणि त्याच वर्षी गाजावाजाने भरलेले प्रदर्शन या सर्वांचे निमित्त एकच होते, ते म्हणजे मज्यारांनी कार्पेथियन पर्वतांच्या कुशीतील या मैदानात पाऊल ठेवल्याला हजार वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव. आर्पादच्या नेतृत्वाखाली सात टोळ्या नवव्या शतकाच्या अखेरीस येथे आल्या. विद्वानांना त्याचे नेमके वर्ष ठरवता येईना, म्हणून उत्सवासाठी सरकारने १८९६ हे वर्ष निश्चित केले आणि त्यातून ८९६ हे वर्ष शाळेच्या पुस्तकांत कायमचे जाऊन बसले. संसदभवनाच्या घुमटाची उंचीही याच आकड्याला धरून ९६ मीटर ठेवली आहे. ज्या सणासाठी एवढे शहर उभे राहिले, त्याचे वर्ष कसे ठरले हे बाईंनी पहिल्याच थांब्यावर सांगून टाकले, आणि येथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

चौकात मधल्या उंच स्तंभावर देवदूत गॅब्रिएल, त्याच्या पायाशी घोड्यांवर बसलेले सात सरदार आणि मागे अर्धवर्तुळात राजांचे व नेत्यांचे पुतळे आहेत. एरवी पर्यटक येथे छायाचित्र काढून पाच मिनिटांत निघून जातात. आम्ही येथे दीड तास होतो. बाईंच्या पिशवीत जुन्या छायाचित्रांचा संच होता आणि प्रत्येक पुतळ्यापुढे त्या तीच जागा पूर्वी कशी होती ते दाखवीत. उजव्या बाजूच्या शेवटच्या पाच जागांवर पूर्वी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचे राज्यकर्ते होते. त्यांतील सम्राट फ्रान्झ जोसेफचा पुतळा १९१९ च्या अल्पकाळच्या साम्यवादी राजवटीत फोडला गेला, पुढे तो पुन्हा घडवून बसवला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाचही जण हटवून त्यांच्या जागी बोच्काई, बेथलेन, रकोत्सी, कोशुत असे हाब्सबुर्गांशी लढलेले किंवा त्यांच्यापासून वेगळे राहिलेले पुरुष आले. एका देशाने आपले पूर्वज किती वेळा बदलून पाहिले, हे त्या पाच चौथऱ्यांपुढे उभे राहून जितके नीट कळले तितके कोणत्याही ग्रंथाने कळले नसते.

त्यानंतर जवळच्या बागेत झाडाखाली बसून झालेला भाषेवरचा पाऊण तास हा माझ्या मते या फेरीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. मज्यार भाषा ही आजूबाजूच्या जर्मन, स्लाव्हिक वा रोमेनियन यांपैकी कोणाचीच नातलग नाही. ती उरल कुळातील आहे. तिची सर्वांत जवळची भावंडे, खांती आणि मान्सी, उरल पर्वतापलीकडे ओब नदीच्या खोऱ्यात आजही बोलली जातात, आणि फिनिश ही तिची दूरची चुलत बहीण. मासा म्हणजे मज्यारमध्ये ‘हॉल’ आणि फिनिशमध्ये ‘काला’. पाणी ‘वीझ’ आणि ‘वेसी’. हात ‘केझ’ आणि ‘कॅसी’. बाईंनी एका कागदावर शब्दांचे तीन रकाने दिले होते. पहिल्यात हे अगदी जुने घरचे शब्द. दुसऱ्यात गहू, सफरचंद, वासरू यांसाठीचे ‘बूझा’, ‘आल्मा’, ‘बोर्यू’ हे गवताळ प्रदेशातील तुर्की लोकांकडून उचललेले. आणि तिसऱ्यात बुधवारसाठी ‘सेर्दा’, आलुबुखारासाठी ‘सिल्वा’, राजासाठी ‘किराय’ हे येथे आल्यावर स्लाव्हिक शेजाऱ्यांकडून घेतलेले. मासे धरणारे लोक गुरेढोरे व शेती कोणाकडून शिकले आणि राज्य करण्याचे शब्द कोणाकडून, याचा सगळा प्रवास त्या एका कागदावर वाचता येत होता. पुढे त्यांनी प्रत्यय समजावले. ‘हाज’ म्हणजे घर आणि ‘हाजबॉन’ म्हणजे घरात. ‘केर्त’ म्हणजे बाग आणि ‘केर्तबेन’ म्हणजे बागेत. शब्दातील स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो. तुकडीतील इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन मंडळींना हे अवघड वाटले. घरात, बागेत असे रोज बोलणाऱ्या आम्हाला मात्र शब्दाला चिकटणारा प्रत्यय लगेच उमगला.

आम्ही भारतातून आलो आहोत हे कळल्यावर बाईंनी विचारले, ‘तुम्ही दार्जिलिंगला गेला आहात का?’ तेथे कोरोशी चोमा शांडोर यांची समाधी आहे. आज रोमेनियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातील एका खेड्यात जन्मलेला हा माणूस मज्यारांचे मूळ घर शोधण्यासाठी १८१९ मध्ये पूर्वेकडे निघाला, लडाख-झांस्करच्या मठांत थंडीने गोठत तिबेटी भाषा शिकला आणि १८३४ मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश व व्याकरण प्रसिद्ध झाले. मज्यारांचे नातलग त्याला सापडले नाहीत, पण तिबेटी विद्येचा पाया मात्र त्याने घातला. पुन्हा एकदा मध्य आशियाकडे जायला निघालेला असताना १८४२ मध्ये दार्जिलिंगला तापाने त्याचा अंत झाला. आम्ही दार्जिलिंगला दोनदा जाऊन आलो होतो आणि समाधी पाहिली नव्हती. हे सांगताना मला खरोखर वाईट वाटले.

दुसरा दिवस डॅन्यूब नदीच्या पश्चिमेकडील बुडाच्या टेकडीवर सुरू झाला; पूर्वेकडचे ते पेश्त. सन १००० च्या नाताळात किंवा त्यानंतरच्या नववर्षदिनी राज्याभिषेक झालेला पहिला ख्रिस्ती राजा इश्तवान, १२४१ मध्ये मोहीच्या रणावर मंगोलांनी केलेला संहार, त्यानंतर बेला चौथा याने दगडी किल्ले बांधून पुन्हा उभे केलेले राज्य आणि पंधराव्या शतकात ग्रंथालयासाठी युरोपभर नावाजलेला राजा मात्याश, हे सर्व एका तासात झाले. ही घाई मला खटकली नाही, कारण बाईंना त्या दिवशी खरे बोलायचे होते ते मोहाचविषयी.

२९ ऑगस्ट १५२६ रोजी दक्षिणेकडील मोहाच गावाजवळच्या मैदानात उस्मानी (ऑटोमन) तुर्कांच्या सुलतान सुलेमानच्या सैन्याने हंगेरीच्या सैन्याचा दोन तासांत धुव्वा उडवला. वीस वर्षांचा राजा लायोश दुसरा पळताना ओढ्यात बुडून मरण पावला. त्याच्याबरोबर देशातील अनेक बिशप आणि सरदार कापले गेले. मी बाईंना म्हणालो की त्याच वर्षी एप्रिलमध्ये पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीचा पराभव केला होता आणि तेथेही तोफांनीच निकाल लावला होता, तेव्हा त्यांनी थांबून ते वहीत लिहून घेतले. मज्यारांमध्ये आजही किरकोळ नुकसान झाले की ‘मोहाचला याहून अधिक गेले’ असे म्हणून समजूत घालतात. आमच्याकडे ‘पानिपत झाले’ आणि ‘विश्वास तर गेला पानिपतच्या लढाईत’ असे म्हणतात, तो पराभव १७६१ चा, पण दोन्ही भाषांनी आपला सर्वांत मोठा घाव रोजच्या बोलण्यात ठेवून दिला आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

मोहाचनंतर दोन राजे, त्यांची आपसातली लढाई, आणि बरोबर पंधरा वर्षांनी, १५४१ च्या २९ ऑगस्टलाच, सुलेमानने लढाईशिवाय घेतलेले बुडा. त्या दोन राजांपैकी मरण पावलेल्या एकाचा तान्हा मुलगा पाहण्याच्या निमित्ताने दरबार छावणीत बोलावला गेला आणि तेवढ्यात जानिसार, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातले सैनिक, शहर पाहायला आल्यासारखे वेशीतून आत शिरले. त्यानंतर देशाचे तीन तुकडे झाले : पश्चिमेची पट्टी हाब्सबुर्गांकडे, मधला भाग उस्मानी पाशांकडे आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनियाचे वेगळे संस्थान. मात्याशच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवरील चर्चची या काळात मशीद झाली होती. १६८६ मध्ये बुडा परत जिंकले गेले तोवर १४५ वर्षे गेली होती. बाई या काळाला नुसता अंधार म्हणत नाहीत. जवळच्या गेलेर्त टेकडीच्या खाली आजही वापरात असलेले रुदाशचे अष्टकोनी उष्ण कुंड आणि गुलाबांच्या बागेतील दर्वेश गुल बाबाची कबर त्या आवर्जून दाखवतात, आणि ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ मध्ये तोर्दा येथे झालेल्या ठरावाने प्रचारकांना आपापल्या श्रद्धेप्रमाणे उपदेश करण्याची मुभा दिली होती, हेही सांगतात.

जेवणाविषयी थोडक्यात. पर्यटकांची उपाहारगृहे टाळून बाई आम्हाला दुपारपुरत्या उघडणाऱ्या एका साध्या खाणावळीत घेऊन गेल्या. ‘गुयाश’ या शब्दाचा अर्थ गुराखी. गुराख्यांचे हे मांसाचे रस्सेदार सूप असते, आणि परदेशात त्या नावाने जो घट्ट रस्सा मिळतो त्याला येथे ‘पोर्कोल्त’ म्हणतात. दोन्हींत लाल मिरचीची पूड भरपूर असते, तिखटापेक्षा रंगासाठी अधिक. अमेरिकेतून निघालेली मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेने आली, हंगेरीत ती उस्मानी अमलात पोहोचली. सेगेद शहरात सेंत-ग्योर्गी आल्बेर्त यांनी याच मिरचीतून मोठ्या प्रमाणावर क जीवनसत्त्व वेगळे काढले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पत्नी शाकाहारी असल्याने तिच्यासाठी ‘फोझेलेक’ ही पीठ लावून दाट केलेली भाजी मागवली. शाकाहारी वाचकांनी मात्र प्रत्येक ठिकाणी डुकराची चरबी वापरली आहे का, हे विचारूनच घ्यावे. बाईंनी ते न सांगता आमच्यासाठी विचारले.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालय. १५ मार्च १८४८ रोजी याच इमारतीसमोर मोठा जमाव जमला आणि हाब्सबुर्गांविरुद्धच्या क्रांतीला तोंड फुटले. पंचवीस वर्षांच्या पेटोफी शांडोरने या पायऱ्यांवर उभे राहून आपली ‘राष्ट्रीय गीत’ ही कविता म्हटली, असे चित्र प्रत्येक मज्यार मुलाच्या मनात असते. बाईंनी त्याच पायऱ्यांवर उभे राहून सांगितले की कविता त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी म्हटली गेली, पण या पायऱ्यांवर त्याने ती म्हटल्याचा पुरावा नाही, आणि खुद्द त्याच्या दैनंदिनीतही तसे नाही. मग त्यांनी ती कविता मज्यारमध्ये संपूर्ण म्हटली. पेटोफीचे जन्मनाव पेत्रोविच आणि त्याचे आईवडील स्लोवाक वंशाचे. मज्यार भाषेचा सर्वांत लाडका कवी मज्यार झाला तो भाषेने. पुढच्या वर्षी, १८४९ मध्ये, रशियाच्या झारचे सैन्य ऑस्ट्रियाच्या मदतीला आले, क्रांती चिरडली गेली, पेटोफी शेगेशवारच्या लढाईत सव्विसाव्या वर्षी नाहीसा झाला आणि ६ ऑक्टोबरला आराद येथे तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला. त्याच दिवशी पेश्तमध्ये पहिले पंतप्रधान बॉत्त्यानी लायोश यांना गोळ्या घातल्या. त्या जागी आज अखंड दीप आहे. १८६७ चा हाब्सबुर्गांशी झालेला समझोता आणि त्यानंतर वाढलेले हे देखणे शहर, हे या रक्तावर उभे आहे हे विसरून चालता येत नाही.

तिसऱ्या दिवसाविषयी मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण फेरीचा सर्वोत्तम क्षण आणि तिचा सर्वांत मोठा दोष दोन्ही त्याच दिवशी आले.

सकाळी संसदभवनात घुमटाखाली परंपरेने इश्तवान राजाचा मानला जाणारा पवित्र राजमुकुट पाहिला. त्यावरचा क्रूस तिरका आहे. खालच्या पट्टीवर बायझंटाइन सम्राट मायकेल सातवा याचे मीनाकाम असल्याने तो भाग इश्तवान राजाच्या मृत्यूनंतरचा आहे हे उघड होते, तरीही कित्येक शतके ज्याच्या मस्तकी हा मुकुट चढला नाही त्याला लोकांनी खरा राजा मानले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि जानेवारी १९७८ मध्ये परत मिळाला. येथे छायाचित्र काढता येत नाही, आणि त्यामुळेच कदाचित सगळे जण शांतपणे पाहत उभे राहतात.

संसदेसमोरील रस्त्यावर २०२० मध्ये उघडलेले एक स्मारक आहे. जमिनीत उतरत जाणारा शंभर मीटर लांबीचा दगडी उतार, त्याच्या दोन्ही भिंतींवर पहिल्या महायुद्धापूर्वीच्या हंगेरीतील बारा हजारांहून अधिक गावांची नावे आणि तळाशी तेवणारी ज्योत. पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० ला झालेल्या त्रियानों तहाने हंगेरीचे राज्य सुमारे २,८२,००० चौरस किलोमीटरवरून ९३,००० वर आले आणि तीस लाखांहून अधिक मज्यार भाषक एका सहीने शेजारच्या देशांचे नागरिक झाले. बाईंचे आजोबा आज स्लोवाकियात असलेल्या कोशित्सेचे, म्हणजे मज्यारांच्या कॉश्शाचे. ते बोट ठेवून गावाचे नाव त्यांनी भिंतीवर दाखवले. बेळगाव-निपाणीचा प्रश्न घरात ऐकत लहानाची मोठी झालेली माझी पत्नी तेथे बराच वेळ उभी राहिली. प्रमाण आणि परिस्थिती अगदी निराळी असली, तरी भाषा एका बाजूला आणि सरहद्द दुसऱ्या बाजूला राहण्याचे दुःख तिला समजावून सांगावे लागले नाही.

आमच्या तुकडीत कोशित्सेचाच एक स्लोवाक तरुण होता. त्याने शांतपणे विचारले की या भिंतीवर माझ्या आजीच्या स्लोवाक खेड्याचे नाव मज्यार रूपात का आहे? असा प्रश्न आल्यावर अनेक मार्गदर्शक विषय बदलतात. बाईंनी बदलला नाही. त्यांनी सांगितले की ही यादी १९१३ च्या सरकारी सूचीवरून घेतली आहे आणि त्याआधी १८९८ च्या कायद्याने गावांची नावे अधिकृतपणे ठरवताना हजारो नावे मज्यार करण्यात आली होती. १९१० च्या जनगणनेत क्रोएशिया वगळता उरलेल्या राज्यातही मज्यार भाषक निम्म्याहून थोडेच अधिक होते. १८६८ चा कायदा इतर भाषांना बरेच काही देत होता पण तो पाळला गेला नाही, आणि १९०७ च्या शिक्षण कायद्याने स्लोवाक व रोमेनियन शाळांवर मज्यार भाषा लादली गेली. त्या तरुणाकडे वळून त्या म्हणाल्या, ‘माझ्या आजोबांचे गाव गेले याचे मला दुःख आहे, आणि तुमच्या आजीच्या गावाचे नाव गेले याची मला लाज आहे.’ त्या क्षणाची बरोबरी करील असे काही मी कोणत्याही फेरीत अनुभवलेले नाही, आणि चौपट शुल्क दिल्याचे मला त्यानंतर काहीच वाटले नाही.

आता दोष. संसदभवनातील प्रवेशाची वेळ आमच्या हातात नसल्याने आणि स्मारकापुढील संवाद लांबल्याने, १९४४ साठी उरली ती जेमतेम पंचवीस मिनिटे. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत आले आणि १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंना गाड्यांत कोंबून देशाबाहेर नेण्यात आले, त्यांतील बहुतेकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत. ही माणसे घरोघरी जाऊन गोळा करण्याचे काम हंगेरीच्याच सशस्त्र पोलिसांनी केले. ज्यूंवरील निर्बंधांची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, विद्यापीठातील प्रवेशावर मर्यादा घालणाऱ्या १९२० च्या कायद्यापासून झाली होती. हे सर्व बाईंनी चालता चालता सांगितले. स्वातंत्र्य चौकात २०१४ मध्ये सरकारने उभारलेले स्मारक आहे : हंगेरीचे प्रतीक म्हणून देवदूत गॅब्रिएल आणि त्याच्यावर झडप घालणारा जर्मन गरुड. देशाने स्वतःला निव्वळ बळी दाखवले याचा निषेध म्हणून नागरिकांनी त्याच्यासमोर आपल्या नातलगांची छायाचित्रे, पत्रे, चष्मे, दगड आणून ठेवले आहेत. ती पत्रे वाचायला आम्हाला सात मिनिटे मिळाली. डॅन्यूबच्या काठावरील लोखंडी बुटांच्या साठ जोड्या, जेथे १९४४-४५ च्या हिवाळ्यात माणसांना बूट काढायला लावून नदीत गोळ्या घातल्या गेल्या, त्या तर आम्ही जवळजवळ धावत पाहिल्या.

संस्थेने दिलेल्या पुस्तिकेतही पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाला सहा पाने आणि १९४४ ला अर्धे पान आहे. त्या अर्ध्या पानात आणि तीन दिवसांच्या संपूर्ण निवेदनात रोमा लोकांचा (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत) उल्लेख एकदाही आला नाही; ते आज देशातील सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज आहेत आणि युद्धकाळात त्यांचीही हत्या झाली. बाईंची नियत मी तीन दिवस पाहिली आहे, त्यामुळे मी हे त्यांच्या मनाचे माप मानत नाही. पण वेळापत्रक हेसुद्धा एक विधान असते, आणि तहाच्या स्मारकाला दीड तास व बुटांना पाच मिनिटे देणारे वेळापत्रक पाहुण्याला काय सांगते, याचा विचार संस्थेने करायला हवा. एक किरकोळ तक्रारही आहे : कानात लावायचे यंत्र नदीकाठच्या वाऱ्यात वारंवार बंद पडत होते.

दुपारनंतर १९५६. संसदभवनासमोरील चौकातल्या शेतकी मंत्रालयाच्या कमानींखालील भिंतीत गोळ्यांच्या खुणा म्हणून धातूचे गोळे बसवले आहेत. २५ ऑक्टोबरला याच चौकात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला होता. २३ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांच्या मोर्च्याने साम्यवादी राजवटीविरुद्ध सुरू झालेला उठाव ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी मोडला, सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले, आणि पंतप्रधान इम्रे नॉज, ज्यांना आपण अक्षरांवरून नागी म्हणतो, त्यांना १६ जून १९५८ रोजी फाशी देऊन निनावी पुरण्यात आले. बरोबर एकतीस वर्षांनी, १६ जून १९८९ ला, त्यांची शवपेटी सन्मानाने ठेवली गेली ती वीरांच्या चौकात; म्हणजे पहिल्या दिवशी जेथे आम्ही दीड तास होतो तेथेच. त्या दिवशी गर्दीत आपण शाळेतील मुलांना घेऊन उभ्या होतो असे बाई म्हणाल्या, आणि त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत.

परत आल्यावर मी संस्थेला या सर्व गोष्टी सविस्तर लिहून कळवल्या. चार दिवसांत उत्तर आले. पुढील हंगामापासून तिसरा दिवस दोन भागांत करण्याचा विचार चालू आहे, पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेल तेव्हा रोमा समाजाविषयी स्वतंत्र पान असेल आणि यंत्रे बदलली जातील, असे त्यांनी लिहिले आहे. इतिहासात गोडी असलेल्या, रोज सात-आठ किलोमीटर चालू शकणाऱ्या कोणालाही मी ही फेरी निःसंकोच सुचवीन. लहान मुलांना घेऊन मात्र जाऊ नये. नोंदणी करताना संसदभवनाचा प्रवेश सकाळचा आहे की दुपारचा, हे विचारून घ्यावे, आणि नवी रचना लागू होईपर्यंत चौथा दिवस मोकळा ठेवावा. आम्ही तो ठेवला होता. सकाळी दोहान रस्त्यावरचे १८५९ मध्ये उभे राहिलेले सिनेगॉग पाहिले. युरोपातील या सर्वांत मोठ्या ज्यू प्रार्थनागृहाच्या अंगणातच १९४४-४५ च्या हिवाळ्यात वस्तीत कोंडून मेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची थडगी आहेत आणि मागे धातूच्या विलो वृक्षाच्या पानापानांवर नावे कोरलेली आहेत. संध्याकाळी पुन्हा नदीवर जाऊन त्या बुटांशेजारी आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो.